परक्याची शेकोटी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय २८, वचने १ ते १०



एडवणच्या किनाऱ्यावर ज्याने आषाढातला समुद्र पाहिला आहे, त्यास ह्या शास्त्रपाठाचा अर्थ समजावून देण्याची फारशी गरज नाही. त्या दिवसांत होड्या वर ओढून झाकून ठेविलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत खोल पाण्यात जाण्याचे कोणी नाव काढीत नाही. अशा वादळात एखादे गलबत फुटले, आणि पावणेतीनशे माणसे, कोणी पोहत, कोणी फळीस धरून, वाळूवर येऊन पडली, तर गावाने काय करावे? मिलिता बेटातील लोकांपुढे, म्हणजे ज्यास आज माल्टा म्हणतात त्या बेटातील लोकांपुढे, हाच प्रश्न आला. गलबतावर २७६ जीव होते. त्यांत कैदी होते, शिपाई होते, खलाशी होते. बेटकऱ्यांस त्यांची भाषा येत नव्हती, त्यांचा देव ठाऊक नव्हता, आणि ह्यांतील चोर कोण व साव कोण हे ओळखण्यास काही साधनही नव्हते. पाऊस पडत होता आणि थंडी होती, इतके मात्र त्यांस कळले. त्यांनी शेकोटी पेटविली.

आता पौलाकडे पाहा. हा विदेश्यांचा प्रेषित. सुभेदारांपुढे व राजांपुढे ह्याने निर्भयपणे भाषण केलेले. परक्या बेटावर पाय ठेवल्यावर हा पहिल्याने काय करतो? काटक्या गोळा करतो. वाकून, ओल्या अंगाने, हातभर काटक्या जमवितो व दुसऱ्यांनी पेटविलेल्या शेकोटीवर टाकतो. ही गोष्ट लूकाने तरी कशास लिहिली असती? त्या मोळीतून साप निघाला म्हणून लिहिली. साप निघाला नसता तर पौलाने काटक्या वेचल्या हे आपणांस कधीच कळले नसते. तेव्हा एवढ्यापुरते त्या सापाचे आपण आभारच मानले पाहिजेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पौल त्या बेटावर तीन महिने राहिला, परंतु ह्या दहा वचनांत त्याचा एकही उपदेश लिहिलेला नाही. तो तीन महिने मुका राहिला असेल असे मला मुळीच वाटत नाही. तथापि लूकाने लिहून ठेवण्यास निवडले ते हे : शेकोटी, काटक्या, पुब्ल्याच्या घरचा तीन दिवसांचा पाहुणचार, त्याच्या म्हाताऱ्या बापाचा ताप व आंव, आजाऱ्यावर ठेविलेले हात, आणि निघतेवेळी बेटकऱ्यांनी गलबतावर चढविलेले सामान. परदेशात सेवा करणाऱ्या मनुष्याचा रोजचा दिवस कसा असतो, असे कोणी मला विचारल्यास मी त्यास हाच भाग वाचावयास सांगेन.

आपल्या मंडळ्यांत मिशनऱ्याविषयी जी कल्पना असते ती निराळी असते. जुन्या माणसांच्या आठवणीत तो डोक्यावर टोपी घालून, पेटी-बाजा घेऊन, संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात चित्रे दाखविणारा साहेब आहे. सभा भरली, गायन झाले, उपदेश झाला, लोकांच्या डोळ्यांस पाणी आले. हे खोटे नाही. परंतु ही घटकाभराची गोष्ट झाली. दिवसाच्या उरलेल्या तासांत तो काय करीत होता?

बहुतेक वेळ तो शिकत होता. पंचवीस-तीस वर्षांचा, आपल्या देशी विद्यालयातून मान घेऊन बाहेर पडलेला तरुण येथे येऊन पंडितापुढे बसे आणि तीन वर्षांच्या बालकास जे सहज येते ते त्यास येत नसे. ल आणि ळ ह्यांतील भेद त्याच्या जिभेस उमगत नसे. मूल म्हणावयास जावे तो मूळ निघावे. गाल म्हणावे तो गाळ व्हावा. काल झालेली गोष्ट सांगावयाची, तो तोंडून काळ यावा. कोणास तू म्हणावे, कोणास तुम्ही, आणि कोणास आपण, ह्याचा हिशेब तर कोणत्याच व्याकरणात पुरता लिहिलेला नसतो. पाटलास तू म्हटले तर अपमान, आणि बाजारातल्या पोरास आपण म्हटले तर सर्व बाजार हसतो. आणि एवढे करून तो आमच्या बाजूस आला तर पुस्तकातील मराठी सफाळ्याच्या स्टेशनाशीच संपते. पुढे एडवण-दातिवऱ्याकडे मांगेल्यांची बोली निराळी, वाडवळांची निराळी. आणि रुळांच्या पूर्वेस डोंगराकडे वळावे तो वारल्यांची आणखी निराळी. पुन्हा पहिल्यापासून बालक होणे त्याच्या नशिबी येते.

आमच्या मराठी मुलुखातील पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांचे उदाहरण घ्या. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस उतरले. हॉल ह्यांचे वय तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते. उतरताच त्यांस कळले की, कंपनी सरकारास ते येथे नको आहेत व त्यांनी परत जावे असा हुकूम आहे. अमेरिका व इंग्लंड ह्यांच्यात त्या वेळी युद्ध चालू असल्याने संशयास अधिकच जागा होती. ते गुपचूप गलबताने कोचीनपर्यंत गेले, तेथून त्यांस परत आणण्यात आले. गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन हे मनाने भले गृहस्थ होते, पण त्यांचेही हात वरच्या हुकुमाने बांधलेले. त्या वर्षाचा बहुतेक भाग अर्ज लिहिण्यात व उत्तराची वाट पाहण्यात गेला. जगाच्या दुसऱ्या टोकाहून सुवार्ता सांगावयास आलेल्या मनुष्याने कचेरीच्या दारात बसून राहावे! अमेरिकेतील ज्या मंडळ्यांनी त्यांस पाठविले त्यांस ह्या महिन्यांचे काय वृत्त कळवावे?

परंतु हॉल ह्यांनी ते महिने वाया दवडले नाहीत. उद्या आपणांस हाकलून देतील की नाही हे ठाऊक नसता ते मराठी शिकत राहिले. मोल्सवर्थसाहेबांचा प्रसिद्ध कोश १८३१ साली निघाला. म्हणजे हॉल ह्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. तेव्हा रस्त्यावरील मनुष्य हाच त्यांचा मोठा कोश होता. परवानगी मिळाल्यावर मुंबईच्या गल्ल्यांतून, तळ्यांवर, देवळांपाशी जाऊन लोकांशी बोलावे, शाळा उघडाव्या, शाळांत हिंदू पंतोजी नेमावे, असा त्यांचा क्रम पडला. १८१७ साली त्यांच्या छापखान्यातून मराठी छापील पाने बाहेर पडू लागली. आणि बाप्तिस्मा घेतलेले किती, म्हणाल तर तेरा वर्षांत ते हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच. मी हा आकडा लपवीत नाही. मराठी नवा करार मात्र १८२६ साली छापून पुरा झाला, तो मराठीत बालक होण्यास न लाजलेल्या ह्या माणसांच्या हातून.

ह्या पहिल्या तुकडीत सॅम्युएल न्यूएल हेही होते. त्यांची पत्नी हॅरिएट ही अवघ्या एकोणीस वर्षांची. तीस हिंदुस्थानात राहण्याची परवानगी मिळाली नाही. मॉरिशस बेटाकडे जाताना तिचे तान्हे मूल गेले, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी त्या बेटावर तीही गेली. तिने परदेशात एकही शाळा चालविली नाही, एकही सभा घेतली नाही. न्यूएल १८१४ साली मुंबईस आले ते एकटे. सकाळी उठून पुन्हा क ख ग गिरविणाऱ्या त्या विधुर तरुणाची कल्पना करा. सात वर्षांनी, १८२१ साली, पटकीने तेही वारले. सेवेच्या इतिहासात असली माणसे दोन ओळींत आटोपतात. त्यांचे दिवस मात्र आपल्या दिवसांइतकेच लांब होते. त्यांत दुपारची झोप न येणारी उष्णता होती, उसना आणलेला दिवा होता, आणि सहा-सहा महिने न येणारी घरची पत्रे होती.

स्कॉटलंडचे जॉन विल्सन १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेट हिच्यासह आले. तेव्हा त्यांस पंचविसावे वर्ष चालू होते. मुंबईत इंग्रजी बोलणाऱ्यांची सोबत सोडून ती दोघे भाषा शिकण्यास दक्षिण कोकणात हर्णैस जाऊन राहिली. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पुढे विल्सन हे मोठे पंडित झाले, त्यांच्या नावाचे कॉलेज मुंबईस आहे. परंतु आम्हां पालघरकरांनी त्यांचे स्मरण आणखी एका कारणासाठी करावे. त्यांनी उत्तर कोकणातील रानांतून फिरून वारली व कातकरी लोकांशी प्रश्नोत्तरे केली, त्यांच्या वाघदेवाविषयी, लग्नांविषयी, मरणाविषयी विचारून त्यांची उत्तरे लिहून घेतली, आणि तो वृत्तांत १८४३ साली इंग्लंडातील रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रात छापला. त्यात परक्याचे अज्ञान व अभिमान ह्यांचा अंशही नसेल असे मी म्हणत नाही. तरी ज्या वारल्याशी आमच्याकडचे सावकार व फॉरेस्टचे शिपाई हुकुमाखेरीज दुसरे काही बोलत नसत, त्याच्यापुढे बसून तुझे काय मत आहे असे विचारणारा एक मनुष्य तरी निघाला.

पुढे आमच्या ह्याच भागात अमेरिकेतील ब्रदरन मंडळीचे लोक आले. १८९५ साली त्यांनी वलसाड येथे काम मांडिले व विसाव्या शतकाच्या आरंभापासून डहाणू, आणि मग वाडा व पालघर, असे त्यांचे मराठी काम वाढत गेले. डहाणूच्या दवाखान्यात डॉ. बार्बरा निकी ह्या बाईंनी पुष्कळ वर्षे रोगी पाहिले. ह्या मंडळीचा मोठा भाग १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाला, हे आपणांस ठाऊकच आहे. जंगलातल्या हिवतापाच्या दिवसांत डॉक्टरांचा दिवस कसा जात असेल हे मिलितातील पुब्ल्याच्या बापाच्या खाटेवरून समजून घ्यावे : ताप, आंव, आणि पुन्हा ताप.

आता एक कटु गोष्टही सांगितली पाहिजे. सर्वच मिशनरी परक्याच्या शेकोटीजवळ बसले नाहीत. कित्येकांनी आपली शेकोटी बरोबर आणली. बंगल्याभोवती कुंपण घातले, आत आपले जेवण, आपली भाषा, आपले हवापाणी ठेविले. आणि बाहेर आले ते देण्यासाठीच आले, घेण्यासाठी कधी आले नाहीत. ते दुष्ट नव्हते. पुष्कळ उदार होते. पण ज्याचा हात नेहमी वर असतो त्याच्याशी मैत्री करणे गरिबास फार जड जाते. मी येथे कोणत्या एका मिशनाचे नाव घेत नाही, कारण हा दोष थोडाबहुत सर्वांत होता. आणि आज आमचे शहरातील सुशिक्षित बंधू पाड्यावर उपदेशास जातात व पाड्यावरचे पाणी न पिता बाटली बरोबर नेतात, तेव्हा त्यांच्यातही तो आहे. प्रभूने सत्तर जणांस पाठविले तेव्हा थैली व झोळी घेऊ दिली नाही, आणि पुढे जे वाढतील ते खाण्याची आज्ञा दिली. आपण ह्या आज्ञेत केवळ साधेपणा पाहतो. मला वाटते तीत आणखी काही आहे. ज्याच्याजवळ थैली नाही त्यास दुसऱ्याच्या दारी मागावे लागते. आणि मागणाऱ्यास घरधन्याचे नाव, त्याची वेळ, त्याची अडचण जाणून घ्यावी लागते. शोमरोनी बाईशी प्रभूचे बोलणे कोठून सुरू झाले? त्यास तहान लागली होती व त्याच्यापाशी पोहरा नव्हता, येथून.

हे सर्व मी एडवणच्या बाजूच्या मंडळ्यांस का सांगत आहे? आपण तर आता मिशनरी येण्याची वाट पाहत नाही. पण आता पाठविण्याची पाळी आपली आहे. आमच्या गावांतून मुली परिचारिका होऊन, मुले शिक्षक व सुवार्तिक होऊन परप्रांती व परदेशी जात आहेत. आणि ही गोष्ट आमच्या किनाऱ्यास नवी नाही. वैतरणेच्या पलीकडे, वसईस, सुमारे १५५७ साली गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा जन्मला; बाप पोर्तुगीज, आई इकडची. तो रोमी मंडळीचा, एवढ्यावरून माझ्या वाचकांनी पान उलटू नये. बालपणीच तो जेझुइटांबरोबर जपानात गेला व तेथील भाषा तेथील मुलासारखी शिकला. त्यांच्या संघात घेतील अशी त्याची आशा होती; घेतले नाही. त्याने व्यापार केला. पुढे मनिला शहरी फ्रान्सिस्कन संघात तो पाद्री म्हणून नव्हे, साधा बंधू म्हणून गेला. १५९३ साली त्या संघाचे वडील जपानच्या सत्ताधीशाकडे, हिदेयोशीकडे, वकील म्हणून गेले तेव्हा त्यांस तोंड होते, पण जपानी जीभ नव्हती. ती जीभ वसईच्या ह्या मुलाची होती. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस जणांबरोबर तो वधस्तंभावर मारला गेला, व १८६२ साली रोमी मंडळीने त्यास संतपद दिले. लोक त्याचा वधस्तंभ आठवितात. ज्या वर्षांत त्यास कोणत्याच संघाने आपला म्हटले नव्हते, आणि बाजारात, धक्क्यावर, वखारीत तो परक्यांची भाषा बोलत हिंडत होता, ती वर्षे कोणी आठवीत नाही. पण हिदेयोशीच्या दरबारात उपयोगी पडली ती तीच वर्षे.

म्हणून मंडळीतील वडिलांस माझे सांगणे आहे. आपण पाठविलेल्या तरुणाच्या पत्रात आपण काय शोधतो? सभा किती झाल्या, किती जण पुढे आले, किती पुस्तके खपली. रविवारी पत्र वाचून दाखविताना तेवढाच मजकूर आपण मोठ्याने वाचतो. बाकीचा, म्हणजे पाणी दोन मैलांवरून आणावे लागते, घरमालकिणीने आजारात पेज करून दिली, एक शब्द चुकल्याने सगळे हसले, हा आपण मनात वाचून पुढे जातो. तो तरुण मूर्ख नसतो. मंडळीस काय आवडते हे त्यास दोन पत्रांत कळते. मग तिसऱ्या पत्रात पाच माणसांची पंधरा होतात. खोट्याचे हे बी त्याच्या अंगणात उगवते खरे, पण ते येथून, आपल्या बाकांवरून, गेलेले असते. आणि जो असे खोटे लिहू शकत नाही त्याचे याहून वाईट होते. आपले साधे दिवस रिकामे आहेत, देवाने आपणांस टाकिले आहे, असे तो समजू लागतो. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात, अंगात ताप असता, तो पेटी बांधून परत येतो. आणि आपण त्यास टिकला नाही म्हणतो.

तेव्हा आता लिहाल तर त्यास निराळे प्रश्न विचारा. हल्ली लिहिण्याची चाल कमी झाली आहे, टेलिफोनवरच बोलणे होते. तरी विचारावयाचे तेच. तिकडे बाजारात भाजी कोणती मिळते? आजारी पडलास तेव्हा उशाशी कोण बसले? तुझे घोंगडे भिजले तेव्हा कोणी आपले दिले? त्या माणसाचे नाव काय, त्यास मुले किती? त्याच्या घरचे शेत कापणीस आले तेव्हा तू विळा धरलास काय? त्याचे उत्तर आले म्हणजे ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मंडळीपुढे वाचा, आणि ज्याने घोंगडे दिले त्या परक्या मनुष्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. मिलितातील लोकांनी पौलाच्या गलबतावर लागेल ते सामान चढविले असे लूक म्हणतो. ते सामान बांधून देणारे हात ख्रिस्ती झाले होते की नव्हते, हे त्याने विचारलेले दिसत नाही.

हॉल ह्यांची गोष्ट मी मध्येच सोडिली. १८२५ साली त्यांनी पत्नीस व दोन मुलांस अमेरिकेस रवाना केले. त्यांपैकी एक मुलगा वाटेत समुद्रावरच वारला. स्वतः हॉल येथेच राहिले. १८२६ च्या मार्चात ते दोन ख्रिस्ती मुलांस बरोबर घेऊन नाशिकास गेले. तेथे पटकीने कहर केला होता. जवळचे औषध रोग्यांस देण्यात बहुतेक संपले, अंगातली शक्तीही संपली, तेव्हा ते मुंबईकडे परत फिरले. सिन्नर तालुक्यात दोडी व दापूर ही गावे आजही आहेत. रात्री तेथे पोहोचल्यावर उतरण्यास जागा मिळाली ती एका देवळाच्या ओसरीत. पहाटे चारच्या सुमारास त्यांसच पटकीची लागण झाली, आणि २० मार्च रोजी दुपारच्या सुमारास त्या ओसरीतच त्यांनी प्राण सोडला. वय एकेचाळीस वर्षे. शवपेटी नव्हती. त्या दोन मुलांनी त्यांस मूठमाती दिली, आणि मग मराठीत बोललेले त्यांचे शेवटचे शब्द मनात धरून ती दोघे मुंबईच्या वाटेस लागली.